लांब गॅमा स्फोट आणि सुपरनोव्हा : नातं कसं सापडलं, आणि आपल्या औंढ्याचा त्यात काय संबंध

गोदाकाठ (परभणी):

नमस्कार मंडळी. औंढ्याच्या लिगोवरच्या (गुरुत्वीय लहरी, म्हणजे अवकाशातच उठणाऱ्या लाटा, पकडणारी वेधशाळा) चर्चेत मागं दोघा-तिघांनी विचारलं होतं की गॅमा किरणांचे (क्ष-किरणांहूनही जास्त ऊर्जेच्या प्रकाशाचे) स्फोट म्हणजे जीआरबी, आणि सुपरनोव्हा म्हणजे तारा मरताना फुटतो तो, हे एकच आहेत की वेगळे. तिथं लिहीत बसलो असतो तर मूळ विषय बाजूला पडला असता म्हणून वेगळा धागा काढायलो. बरीच वर्षं या विषयाचं मिळेल ते वाचत आलोय आणि मला स्वतःला हा प्रश्न लई जवळचा वाटतो, त्यामुळं थोडं लांबेल, सांभाळून घ्या.

मागचं पटकन सांगतो. चोरून कोणी अणुचाचण्या करतंय का हे बघायला अमेरिकेनं व्हेला नावाचे उपग्रह सोडले होते, त्यांना २ जुलै १९६७ ला पहिल्यांदा असा गॅमा किरणांचा लोट दिसला, आणि तो पृथ्वीवरून आलेला नव्हता. जाहीर केलं १९७३ ला. त्यानंतर वीस-पंचवीस वर्षं भांडण एकच, हे स्फोट आपल्या आकाशगंगेतले का फार लांबचे. १९९१ ला कॉम्प्टन वेधशाळा वर गेली, तिच्यावरच्या बॅट्सी उपकरणानं नऊ वर्षांत २७०४ स्फोट नोंदवले आणि ते आकाशात सगळीकडं सारखेच विखुरलेले निघाले, आपल्या आकाशगंगेतले असते तर तिच्या पट्ट्यात गर्दी दिसली असती. त्याच यादीतून १९९३ ला दोन गट पडले, दोन सेकंदांच्या आतले ते छोटे, त्याच्यावरचे ते लांब. हा दोन सेकंदांचा आकडा ध्यानात ठेवा, पुढं त्याच्यावर बोलायचंय.

१९९७ ला बेपोसॅक्स या इटली-नेदरलँड्सच्या उपग्रहामुळं स्फोटाची जागा काही तासांत कळायला लागली आणि त्या जागी मागं राहणारी, हळूहळू विझणारी झळाळी म्हणजे आफ्टरग्लो सापडला. त्याच वर्षी ८ मेच्या स्फोटाचा वर्णपट केक दुर्बिणीनं घेतला, ताम्रसृती (प्रकाश तांबड्याकडं किती सरकला त्याचं माप, जितकं जास्त तितकं लांब) किमान ०.८३५ निघाली, म्हणजे तो प्रकाश सुमारे ७०० कोटी वर्षं प्रवास करून आलेला. लांबचे का जवळचे हे भांडण तिथंच मिटलं.

आता मुद्द्याचं. २५ एप्रिल १९९८ चा स्फोट, जीआरबी ९८०४२५. बेपोसॅक्सनं जागा सांगितली, पण ती एक ठिपका नव्हती, ८ कलांच्या (कला म्हणजे अंशाचा साठावा भाग) त्रिज्येचं वर्तुळ होतं. त्या वर्तुळात आफ्टरग्लो शोधायला चिलीतल्या ला सिया इथली दुर्बीण लावली, तर टायटस गलामा आणि मंडळींना तिथं विझणारी झळाळी नाही, उलट दिवसेंदिवस उजळत जाणारा सुपरनोव्हा सापडला, एका जवळच्या सर्पिल दीर्घिकेच्या हातात. नाव पडलं एसएन १९९८बीडब्ल्यू. अंतर फक्त १२ कोटी प्रकाशवर्षं, म्हणजे जीआरबीच्या हिशेबानं अगदी शेजार. आणि सुपरनोव्हाही साधा नव्हता, त्यातला पदार्थ सेकंदाला ३० हजार किलोमीटरच्या आसपास वेगानं बाहेर पडत होता आणि एकूण ऊर्जा नेहमीच्या सुपरनोव्हाच्या दहापट किंवा वर. फुटल्याची वेळ मागं मोजत नेली तर गॅमा स्फोटापासून एक-दोन दिवसांच्या आतच येते.

बाकी प्रश्न आले की लिहितो.

बालाघाटी (अंबाजोगाई):

दादा लई भारी लिहिलंय. पण मला एक सांगा, वेळ जुळली, जागा जुळली, मंग १९९८ लाच सिद्ध झालं की सगळं. लोकांनी अजून पाच वर्षं कामून घोळ घातला?

गोदाकाठ (परभणी):

बालाघाटी, घोळ घालायला कारण होतं आणि माझ्या मते शंका घेणारे बरोबरच होते. पहिलं म्हणजे ८ कलांचं वर्तुळ आकाशात बरंच मोठं असतं, त्यात योगायोगानं एखादा सुपरनोव्हा येऊ शकतो. शोधणाऱ्यांनी स्वतः ती शक्यता काढली होती, दहा हजारात एक अशी, म्हणजे कमी आहे पण शून्य नाही. दुसरं, बेपोसॅक्सच्या बारीक नजरेच्या कॅमेऱ्यानं त्या वर्तुळात क्ष-किरणांचे एक नाही दोन स्रोत दाखवले, एक सुपरनोव्हाच्या जागेवर आणि दुसरा वेगळ्याच ठिकाणी, आणि तो दुसराच खरा आफ्टरग्लो असेल असं बऱ्याच जणांना वाटलं. तिसरं कारण सगळ्यात मोठं, इतक्या जवळच्या स्फोटातून गॅमा किरणांची ऊर्जा आली ती नेहमीच्या लांब स्फोटाच्या हजारो पटींनी कमी. मग हा नेहमीचा जीआरबी म्हणायचा का काहीतरी वेगळंच जनावर, हे कोणालाच छातीठोक सांगता येईना.

सुपरनोव्हाच्या बाजूनं जोरदार साक्ष दिली रेडिओनं. श्रीनिवास कुलकर्णी, जन्म आपल्या महाराष्ट्रातला, कुरुंदवाडचा, त्यांच्या गटानं दाखवलं की १९९८बीडब्ल्यू रेडिओत इतका तेजस्वी आहे की त्यात प्रकाशाच्या वेगाच्या जवळ पोचलेला पदार्थ असलाच पाहिजे. साध्या सुपरनोव्हात असं होत नाही. पुढं १९९९ मध्ये जोशुआ ब्लूम, कुलकर्णी आणि इतरांनी दुसऱ्या एका स्फोटात, जीआरबी ९८०३२६ मध्ये, आफ्टरग्लो विझत आल्यावर तीनेक आठवड्यांनी पुन्हा तांबूस उजेड वर आलेला दाखवला आणि तो सुपरनोव्हाचा असावा असं मांडलं. पण तिथं ओळख पटेल असा स्पष्ट वर्णपट मिळण्याइतका उजेड नव्हता. म्हणजे संशय पक्का, पुरावा नाही.

प्रमेय (लातूर):

मी कनिष्ठ महाविद्यालयात भौतिकशास्त्र शिकवते. पुरावा म्हणून मला २९ मार्च २००३ चा स्फोट सगळ्यात महत्त्वाचा वाटतो, आणि वर्गात सांगायला तो फार चांगला आहे कारण जागा आपल्या ओळखीची आहे. हेटे-२ उपग्रहानं तो टिपला तेव्हा आपल्याकडं संध्याकाळचे ५ वाजून ७ मिनिटं झाली होती. दीड तासात आफ्टरग्लो सापडला. जागा सिंह राशीत, मघा आणि पूर्वा फाल्गुनीच्या मधल्या पट्ट्यात, मार्चच्या शेवटी आपल्याकडं रात्री साडेदहाच्या सुमारास हा भाग जवळजवळ थेट डोक्यावर येतो. मी मुलांना सांगते, त्या रात्री माळवदावर अंथरूण टाकून आकाशाकडं बघत पडलेल्या प्रत्येकाच्या डोळ्यासमोर तो होता. डोळ्यांनी दिसला नसता, पण पहिल्या काही तासांत तेरा-चौदा प्रतीचा होता (प्रत म्हणजे तेजाचं माप, आकडा जितका मोठा तितकं तेज कमी), म्हणजे १२ इंची हौशी दुर्बिणीच्या आवाक्यातला. सुमारे २०० कोटी प्रकाशवर्षांवरची गोष्ट हौशी दुर्बिणीत, हे ऐकून वर्ग गप्प होतो.

आणि पुरावा कसा मिळाला तेही सांगते कारण ती पद्धत शिकण्यासारखी आहे. आफ्टरग्लोचा वर्णपट सपाट असतो, त्यात उंचवटे-खोलगटे नसतात. एप्रिलच्या पहिल्या आठवड्यानंतर त्या सपाट वर्णपटात रुंद उंचवटे यायला लागले. खगोलशास्त्रज्ञांनी सुरुवातीच्या दिवसांचा सपाट वर्णपट घेतला, तो योग्य प्रमाणात नंतरच्या वर्णपटातून वजा केला, आणि उरलं ते तेवढ्याच वयाच्या १९९८बीडब्ल्यूच्या वर्णपटाशी जवळजवळ जुळलं. क्रिस्टोफ स्टानेक यांचा गट आणि येन्स योर्थ यांचा गट, दोघांनीही दाखवलं. एसएन २००३डीएच. इथं ऊर्जा कमी असल्याची तक्रारही करता येत नव्हती, कारण हा स्फोट गॅमा किरणांत चांगलाच दणकट, नेहमीच्या लांब स्फोटांच्या घरातलाच होता.

औंढेकर (औंढा नागनाथ):

मॅडम मी बीएस्सी दुसऱ्या वर्षाला आहे. मला हे कळत नाही की सुपरनोव्हा तर वर्षाला हजारो सापडतात, मग प्रत्येकात गॅमा स्फोट का नाही. आणि जो काळा होल तयार होतो तो सगळं गिळतो म्हणायचं आणि त्यातूनच इतकी ऊर्जा बाहेर येते म्हणायचं, हे कसं काय?

गोदाकाठ (परभणी):

हा प्रश्न म्हणजे या सगळ्या विषयाचा गाभा आहे, निवांत सांगतो.

स्टॅन वूस्ली यांनी १९९३ ला एक कल्पना मांडली आणि १९९९ ला मॅकफॅडेन यांच्याबरोबर ती कॉम्प्युटरवर चालवून बघितली, तिला कोलॅप्सर म्हणतात. सूर्याच्या पंचवीस-तीसपट किंवा त्याहून जड तारा, आतलं इंधन संपलं की मधला गाभा स्वतःच्या वजनानं कोसळतो आणि कृष्णविवर होतं. आता तारा जोरात फिरत असेल तर वरचा पदार्थ सरळ आत पडू शकत नाही, तो कृष्णविवराभोवती चकती करून फिरायला लागतो. गिळण्याआधी ही चकती प्रचंड तापते, आणि तिच्या फिरण्याची व चुंबकीय क्षेत्राची ऊर्जा ताऱ्याच्या दोन्ही ध्रुवांकडं झोत होऊन बाहेर पडते. म्हणजे औंढेकर, जे कृष्णविवराच्या आत गेलं त्यातून काही परत येत नाही, ऊर्जा येते ती बाहेर फिरणाऱ्या चकतीतून आणि फिरत्या कृष्णविवराच्या भोवतालातून.

आता तो झोत ताऱ्याच्या पोटातून निघालाय, त्याला वरचा सगळा थर फोडून बाहेर यायचंय. आपल्याकडं बोअर घेतात तसंच बघा, खाली काळा पाषाण लागला की गाडी जितका वेळ चालू ठेवाल तितकं खोल जाता येतं, आणि मधेच डिझेल संपलं तर ते भोक तिथंच राहतं, हाताला काही लागत नाही. झोताचंही तेच. चकती साधारण दहा-वीस सेकंद झोत चालू ठेवू शकते. ताऱ्याच्या वरचे हायड्रोजन आणि हेलियमचे थर आधीच उडून गेले असतील तर उरलेला तारा सूर्याएवढ्या आकाराचा असतो, सूर्याची त्रिज्या ओलांडायला प्रकाशाला सव्वादोन सेकंद लागतात, त्यामुळं झोत बाहेर येऊ शकतो. पण तारा तांबडा महाराक्षसी असेल, सूर्याच्या काहीशे पट मोठा, तर प्रकाशालासुद्धा बाहेर यायला दहा-वीस मिनिटं लागतात, झोत आतच विरतो.

आणि म्हणूनच लांब जीआरबीसोबत सापडलेले सुपरनोव्हा जवळजवळ सगळे एकाच जातीचे आहेत, टाइप आयसी, त्यातही रुंद रेषांचे. आयसी म्हणजे वर्णपटात हायड्रोजन नाही आणि हेलियमही नाही. कागदावरची कल्पना आणि दुर्बिणीतला वर्णपट एकमेकांना असे येऊन भिडतात, मला या विषयातली सगळ्यात सुंदर गोष्ट हीच वाटते.

एवढं सगळं जुळूनही झोत आपल्याच दिशेला असला तरच आपल्याला गॅमा स्फोट दिसतो, आणि झोत फक्त काही अंशांचा असतो. म्हणून सुपरनोव्हा हजारो आणि जीआरबी थोडे.

बालाघाटी (अंबाजोगाई):

मंग मिरगाजवळचा तो तांबडा तारा, काक्षी, बीटलज्यूस म्हणत्यात त्याला, तो फुटला की आपल्यावर गॅमा किरणं येणार असं व्हाट्सॲपवर फिरायलंय. ते खोटं म्हणायचं का?

प्रमेय (लातूर):

हो, ते चुकीचं आहे आणि कारण गोदाकाठ यांनी वर दिलंच आहे. काक्षी तांबडा महाराक्षसी तारा आहे, अंगावर हायड्रोजनचा जाड थर आहे. तो फुटेल तेव्हा टाइप दोन, म्हणजे वर्णपटात हायड्रोजन दिसणारा, सुपरनोव्हा होईल, दिवसासुद्धा दिसेल इतका तेजस्वी होईल, पण त्यातून झोत बाहेर येणार नाही. घरी कोणी घाबरलं असेल तर बिनधास्त सांगा.

किनवटी (सध्या पुणे):

मी एमएस्सी करतोय, दोन गोष्टी जोडतो. औंढेकरच्या प्रश्नाला अजून एक उत्तर आहे, एसएन २००९बीबी. त्यात गॅमा स्फोट कोणालाच दिसला नाही, पण रेडिओत बघितलं तर १९९८बीडब्ल्यूसारखाच प्रकाशाच्या वेगाजवळ जाणारा पदार्थ होता. म्हणजे आत इंजिन चालू झालं होतं, गॅमा किरण मात्र आपल्यापर्यंत आले नाहीत. अशा कामात आपल्या नारायणगावजवळच्या खोडदच्या जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीचा मोठा वाटा आहे. मॅडमनी सांगितलेल्या २००३ च्या स्फोटाचा रेडिओतला आफ्टरग्लोसुद्धा जीएमआरटीनं कमी वारंवारितेवर कितीतरी दिवस बघितला, झोत हळू होत होत शेवटी कसा पसरतो ते त्यातून कळतं.

दुसरं म्हणजे सुपरनोव्हाचा उजेड आणि गॅमा किरण हे एकाच घटनेतून येतात पण एकाच गोष्टीतून येत नाहीत, इथं लई जणांचा गोंधळ होतो. गॅमा किरण झोतातून येतात, ताऱ्याच्या कितीतरी बाहेर गेल्यावर. सुपरनोव्हाचा उजेड येतो निकेल-५६ या किरणोत्सारी धातूमधून, तो स्फोटात तयार होतो, सहा दिवसांत निम्मा होऊन त्याचा कोबाल्ट होतो, कोबाल्ट ७७ दिवसांत निम्मा होऊन लोखंड. म्हणून सुपरनोव्हा लगेच दिसत नाही, दोनेक आठवड्यांनी शिखरावर येतो. १९९८बीडब्ल्यूमध्ये सूर्याच्या जवळजवळ निम्म्या वस्तुमानाइतकं निकेल होतं असा हिशेब आहे. एवढं निकेल नेमकं कुठं शिजतं, झोतानं दिलेल्या धक्क्यात का चकतीवरून सुटणाऱ्या वाऱ्यात, यावर अजून वाद चालू आहे.

१८ फेब्रुवारी २००६ चा स्फोट पण वाचा जमलं तर. स्विफ्ट उपग्रहानं तो सुरुवातीपासून बघितला, गॅमा स्फोट अर्ध्या तासाच्या वर चालला आणि मागून एसएन २००६एजे आला. सुपरनोव्हा फुटताना अगदी पहिल्या क्षणापासून बघायला मिळणं फार दुर्मिळ असतं.

औंढेकर (औंढा नागनाथ):

मग सरळ म्हणायचं का की दोन सेकंदांच्या वरचा स्फोट म्हणजे सुपरनोव्हा आणि खालचा म्हणजे न्यूट्रॉन ताऱ्यांची (मेलेल्या जड ताऱ्यांचे अतिघन गाभे) टक्कर? आम्हाला तसंच शिकवलंय, परीक्षेतही तसंच लिहायचंय.

गोदाकाठ (परभणी):

हा धागा मी खरं तर याच प्रश्नासाठी काढलाय.

हा नियम सरसकट लावता येत नाही. १४ जून २००६ चा स्फोट शंभर सेकंदांच्या वर चालला आणि जवळचाही होता, मोठमोठ्या दुर्बिणींनी आठवडेच्या आठवडे शोधलं, सुपरनोव्हा नाहीच. लोक पंधरा वर्षं म्हणत राहिले की असेल काहीतरी अपवाद. मग ११ डिसेंबर २०२१ ला अजून एक आला, पन्नासेक सेकंदांचा, आणि त्याच्या जागी सुपरनोव्हाऐवजी किलोनोव्हा सापडला, म्हणजे दोन न्यूट्रॉन तारे एकमेकांवर आदळल्यावर जड मूलद्रव्यं तयार होऊन जो पटकन विझणारा तांबडा उजेड येतो तो. नैनितालजवळच्या देवस्थळची आपली ३.६ मीटरची दुर्बीणही हा स्फोट बघणाऱ्यांत होती. ७ मार्च २०२३ चा स्फोट तर आजवरच्या सगळ्यात तेजस्वी स्फोटांपैकी एक, तोही लांब, आणि जेम्स वेब दुर्बिणीला त्यात टेल्युरियम या जड मूलद्रव्याची खूण दिसली, तीही टक्करीकडंच बोट दाखवते.

उलटंही झालंय. २६ ऑगस्ट २०२० चा स्फोट सेकंदभराचा, म्हणजे पुस्तकाप्रमाणं टक्कर, पण मागं सुपरनोव्हाचा उजेड मिळाला. बहुतेक तिथं झोत कसाबसा बाहेर आला आणि लगेच थांबला.

म्हणून माझं म्हणणं असं की घड्याळ बघून जात ठरवू नये. सेकंद मोजल्यावर अंदाज येतो, बहुतेक वेळा तो बरोबरही निघतो, पण सुपरनोव्हाचा वर्णपट मिळाला तरच कोलॅप्सर म्हणावं, किलोनोव्हा मिळाला तर टक्कर म्हणावं, आणि काहीच मिळालं नाही तर माहीत नाही म्हणून यादीत तसं लिहावं. परीक्षेत दोन सेकंदच लिही बाळा, मार्क जायला नकोत, पण डोक्यात हे असू दे.

आता औंढ्याचा संबंध. दोन न्यूट्रॉन तारे आदळले तर गुरुत्वीय लहरी निघतात, १७ ऑगस्ट २०१७ ला त्या सापडल्या आणि पावणेदोन सेकंदांनी गॅमा स्फोट आला. एक तारा कोसळून होणाऱ्या स्फोटातून तशा ओळखीच्या चढत जाणाऱ्या लहरी येत नाहीत. म्हणजे लांब स्फोट झाला आणि त्याच वेळी लिगोनं ती लहर पकडली तर वाद एका मिनिटात संपतो. २०२१ आणि २०२३ चे ते दोन स्फोट झाले तेव्हा लिगोची निरीक्षणं बंद होती, नेमकी दोन फेऱ्यांच्या मधली वेळ. आपल्या हिंगोली जिल्ह्यातल्या लिगो-इंडियाला एप्रिल २०२३ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळानं मंजुरी दिली, २६०० कोटींचा प्रकल्प आहे. अमेरिकेतल्या दोन जागांपासून इतक्या लांब एक जागा मिळाली की लहर आकाशातून नेमकी कुठून आली ते फार बारीक सांगता येईल, आणि मग दुर्बिणींना शोधायला सोपं. औंढ्यातल्या पोरापोरींनी हे काम करावं असं मला मनापासून वाटतं.

बालाघाटी (अंबाजोगाई):

ते २०२२ ला लई मोठ्ठा स्फोट झाला म्हणत होते, त्यात सापडला का सुपरनोव्हा?

किनवटी (सध्या पुणे):

हो, ९ ऑक्टोबर २०२२ चा. नोंदीतला सगळ्यात तेजस्वी, त्यानं पृथ्वीच्या आयनांबरावर, म्हणजे वातावरणाच्या वरच्या विद्युतभारित थरावर, परिणाम केला. आफ्टरग्लो इतका झगझगीत होता की सुपरनोव्हा त्यात बुडून गेला, सहा महिन्यांनी वेबनं बघितल्यावर वर्णपटात खूण मिळाली. गंमत म्हणजे सुपरनोव्हा अगदी साधारण निघाला, आणि सोनं-प्लॅटिनमसारखी जड मूलद्रव्यं तयार झाल्याची खूणही दिसली नाही. म्हणजे गॅमा स्फोट मोठा म्हणून सुपरनोव्हा मोठा असं काही नसतं. झोत आणि बाकीचा तारा यांचे हिशेब वेगळे आहेत.

आपला ॲस्ट्रोसॅट उपग्रह पण विसरू नका, २८ सप्टेंबर २०१५ ला गेला, त्याच्यावरच्या सीझेडटीआय उपकरणानं पाचशेच्या वर जीआरबी पकडलेत, त्या उपकरणाचा डेटा पुण्यात आयुका या खगोलशास्त्राच्या संशोधन केंद्रात हाताळतात.

प्रमेय (लातूर):

वर्गात मुलांकडून काही करून घ्यायचं असेल तर कोणत्या स्फोटाचा आलेख काढायला द्यावा? मला २००३ चाच द्यायचा मोह होतोय.

किनवटी (सध्या पुणे):

मॅडम, २००३ चा आलेखासाठी नका देऊ. त्याचा आफ्टरग्लो फार तेजस्वी होता आणि मधेमधे स्वतःच वरखाली झाला, त्यामुळं तेजाच्या आलेखात सुपरनोव्हाचा उंचवटा वेगळा दिसत नाही, मुलं गोंधळतील. तो वर्णपटासाठी ठेवा. आलेखासाठी १९९८बीडब्ल्यू द्या, तिथं दृश्य प्रकाशात आफ्टरग्लो आडवा येतच नाही, चढ, सोळा-सतरा दिवसांचं शिखर आणि उतार स्वच्छ मिळतात. आडव्या अक्षावर दिवस, उभ्यावर प्रत, आणि प्रतीचा अक्ष उलटा घ्यायचा हे आधी सांगा. उताराचा शेवटचा भाग कोबाल्टच्या ७७ दिवसांशी ताडून बघायला लावा, उतार त्याहून थोडा जास्त उभा येईल कारण काही गॅमा किरण पदार्थात न अडकता निसटून जातात, आणि त्यावर मुलं नक्की प्रश्न विचारतील.

प्रमेय (लातूर):

हे बरं झालं विचारलं. बारावीच्या किरणोत्साराच्या धड्यालाच जोडते मग, अर्धायुष्य काढायचं गणित तिथं आहेच. औंढेकर, तू लातूरला आलास तर ये कॉलेजवर, मुलांसमोर झोताचं तूच समजावून सांग.

औंढेकर (औंढा नागनाथ):

येतो मॅडम. तोवर कोलॅप्सर नीट वाचून काढतो, फिरणारा तारा स्वतःचे वरचे थर उडवून देतो तेव्हा त्याचं फिरणंही कमी व्हायला पाहिजे ना, मग शेवटपर्यंत जोरात फिरतो कसा, हे मला अजून पटलेलं नाही.

गोदाकाठ (परभणी):

बरोबर जागी बोट ठेवलंस, तिथंच सगळे अडलेत. एक उत्तर असं की ज्या ताऱ्यात लोखंडासारखी जड मूलद्रव्यं कमी असतात त्याचा वारा (ताऱ्यावरून बाहेर वाहून जाणारा पदार्थ) मंद असतो, म्हणून फिरणं टिकतं, आणि लांब जीआरबी बहुतेक अशाच छोट्या, जड मूलद्रव्यं कमी असलेल्या दीर्घिकांत, त्यातही जिथं नवे तारे जन्मतायत अशा सगळ्यात उजळ भागांत सापडतात, हबल दुर्बिणीच्या चित्रांवरून २००६ ला ते दाखवलंय. दुसरं उत्तर जोडताऱ्याचं, जोडीदार वरचे थर ओढून घेतो किंवा दोघं मिळून एक होतात आणि फिरणं वाढतं. दोन्हीवर वेगळा धागा काढ, मी तिथं येतो.